भिंतीबाहेरचा विद्यार्थी

थॉमस हार्डीची ‘जूड द ऑब्स्क्युअर’ ही कादंबरी मी प्रथम वाचली ती मॅट्रिक झाल्यानंतर वर्षभराने. कॉलेजात जाण्याचा योग नव्हता. मास्तरकी मिळाली होती, आणि संध्याकाळी मांडीवर इंग्रजी-मराठी कोश घेऊन मी ते पुस्तक पानापानाने पुढे रेटीत होतो. १८९५ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा इंग्लंडात मोठे काहूर उठले. वेकफील्डच्या बिशपांनी आपण ते आगीत टाकल्याचे जाहीर केले. हे काहूर होते त्यातील विवाहाच्या प्रश्नावरून. टीकाकारही बहुधा तोच धागा धरून बोलतात. मला मात्र ही कादंबरी पहिल्यापासून एका मुलाच्या ग्रीक-लॅटिनची गोष्ट वाटत आली आहे. गेल्या वर्षी मी ती पुन्हा वाचली, आणि त्या गोष्टीविषयीचे माझे मत बदलले.

जूड फॉली हा मेरीग्रीन नावाच्या खेड्यातला पोरका मुलगा. पाव भाजून विकणाऱ्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या आजीकडे तो वाढतो. गावचे मास्तर फिलॉट्सन पदवी घेण्यासाठी ख्राइस्टमिन्स्टरला निघून जातात. ख्राइस्टमिन्स्टर म्हणजे ऑक्सफर्डच. हार्डीने नाव तेवढे बदलले आहे. त्या दिवसापासून मुलाच्या डोळ्यांपुढे ते शहर उभे राहते. संध्याकाळी उंचवट्यावर जाऊन तो दूरवरचा त्याचा उजेड पाहत बसतो.

मास्तरांकडून तो ग्रीक आणि लॅटिनची व्याकरणे मागवतो. त्याची भाबडी समजूत अशी, की एका भाषेतून दुसरीत जाण्याची काही गुप्त किल्ली असते. ती सापडली की आपल्या भाषेतला शब्द फिरवून सरळ लॅटिन करता येतो. पुस्तके येतात, आणि कळते की किल्ली वगैरे काही नाही, एकेक शब्द पाठ करायचा आहे. त्या वेळी त्या पोराला आपण जन्मालाच आलो नसतो तर बरे, असे वाटते. ज्याने शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकले आहे, त्याला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. लॅटिनचे एक वेळ ठीक, पण ग्रीक थेट आपल्या संस्कृतच्या वळणावर गेलेली. विभक्त्या तर आहेतच, शिवाय द्विवचनही आहे.

पण मुलगा हटत नाही. पावाची गाडी हाकताना लगाम हातात अडकवून, कोश मांडीवर ठेवून तो सीझर, व्हर्जिल, होरेस वाचतो. पुस्तके जुन्या, मागे पडलेल्या आवृत्तीची, म्हणून स्वस्तात मिळालेली. गाडी हाकताना वाचणे धोक्याचे, अशी तक्रार पोलिसापर्यंत जाते. पुढे तो पाथरवट होतो, ख्राइस्टमिन्स्टरला जातो आणि कॉलेजांच्या झिजलेल्या दगडांची दुरुस्ती करतो. ज्या भिंती तो सावरतो त्यांच्या आत मात्र त्याला जागा नाही. पाच विद्याप्रमुखांना तो पत्रे लिहितो. उत्तर एकाचेच येते: आपण कष्टकरी दिसता, तेव्हा आपला धंदा धरून राहिलात तर यशाची शक्यता अधिक.

या उत्तराखालच्या सहीत हार्डीने एक कडवट विनोद लपवला आहे. सही आहे टेट्यूफेने यांची. जुन्या ग्रीक व्याकरणांत नमुन्याचा धातू म्हणून ‘तुप्तो’ चालवीत. त्याचा अर्थ ‘मी मारतो’. त्याच धातूचे पूर्णकाळाचे एक रूप ‘तेतुफेनाइ’, म्हणजे ‘मारून झालेले असणे’. जूडला लहानपणी पाखरे राखण्याचे काम होते; दया येऊन त्याने पाखरांना दाणे टिपू दिले, म्हणून शेतकऱ्याने त्याला त्याच्याच खुळखुळ्याने बडवले. तो मार अंगावरचा होता. हा मार व्याकरणाच्या पुस्तकातून आलेला आहे, आणि तो अधिक लागतो.

पहिल्या वाचनात मी या पत्रापाशी थांबलो होतो. विद्यापीठाने एका गरिबाच्या तोंडावर दार लावले, एवढेच मला दिसले. ते खोटे नव्हते. पुढे स्वतः दोन-चार कादंबऱ्या लिहिल्यावर माझी हार्डीविषयी एक तक्रारही तयार झाली. वाटे, याने जूडला विद्येचे कष्ट दिले, पण विद्येची चव कुठे दिली? मुलगा आपण काय काय वाचले याची यादी करतो, बिशप झालो तर वर्षाला पाच हजार पौंड मिळतील, त्यांतले साडेचार हजार दान करू, असे हिशेब करतो. ग्रीक म्हणजे याला निव्वळ जिना!

ही तक्रार अपुरी होती, हे दुसऱ्या वाचनात दोन जागांनी मला दाखवले.

पहिली जागा होरेसची. सोळाएक वर्षांचा जूड संध्याकाळी गाडीवर ‘कार्मेन सेक्युलारे’ वाचीत चालला आहे. इसवी सनापूर्वी १७ साली रोममधील शतकोत्सवासाठी रचलेले हे स्तोत्र. मुलामुलींच्या वृंदाने ते अपोलो आणि डायाना यांना उद्देशून गायिले. इकडे सूर्य मावळतो आहे, तिकडे चंद्र उगवतो आहे. मुलगा गाडी थांबवतो, रस्त्याच्या कडेला गुडघे टेकतो आणि ते स्तोत्र मोठ्याने म्हणतो. या क्षणी बिशप नाही, पौंड नाहीत, परीक्षा नाही. चव आहे ती इथे! पण लगेच त्याच्या मनात चरकते, की आपण ख्रिस्ती, आणि हे तर मूर्तिपूजकांचे देव. मग तो होरेस बाजूला ठेवतो आणि बायबलच्या नव्या कराराची ग्रीक घेऊन बसतो. म्हणजे हार्डीने चव दिली होती. भ्यायला तो जूड. त्याच्या विद्येवरचे पहिले दार विद्यापीठाने लावलेले नाही.

सू ब्राइडहेड याच्या उलट. तिला ग्रीक-लॅटिन वाचता येत नाही, पण तिने बहुतेक अभिजात ग्रंथ भाषांतरांतून वाचले आहेत. व्हीनस आणि अपोलोच्या मूर्ती विकत घेऊन ती खोलीत लपवून ठेवते. जूडजवळ भाषा आहे आणि आत्म्याची धास्ती आहे. सूजवळ आत्मा आहे आणि भाषा नाही. आपण मराठी वाचक सूच्या जातीचे. विंदा करंदीकरांनी १९५७ साली ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले नसते, तर माझ्यासारख्याला त्या दाराशी कोण नेणार होते?

दुसरी जागा शेवटाकडची. जूड आणि सू यांच्या मुलांचा अतिशय करुण अंत होतो. काय झाले ते सणाच्या दिवशी सांगवत नाही. सू स्वतःला दोष देत असते, आणि तिला समजावताना जूडच्या तोंडून दोन वाक्ये निघतात: जे आहे ते आहे, आणि ते आपल्या ठरलेल्या शेवटाला जाणारच. हे कोणाचे, असे ती विचारते. तो सांगतो, ‘आगामेम्नॉन’मधले. एस्किलसचे हे नाटक इसवी सनापूर्वी ४५८ सालचे. कोणाच्या मदतीवाचून हे सारे वाचलेला माणूस अशा दैन्यात असावा, याने सूचा जीव कळवळतो. पहिल्या वाचनात ही जागा माझ्या हातून निसटली होती. इथे ग्रीक जूडला नोकरी देत नाही, मान देत नाही. पण बोलायला काहीच उरले नसताना बोलायला शब्द देते. हे त्याला कोणत्याही कॉलेजाने दिलेले नव्हते, म्हणून कोणाला ते परत घेताही येत नाही.

हार्डीला हे लिहिता आले, कारण ते त्याच्या घरचे होते. वास्तुकाराच्या हाताखाली उमेदवारी करताना तो पहाटे उठून ग्रीक वाचीत असे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्ही पाहिलेला त्याचा मित्र होरेस मूल याला त्याने विचारले, की ग्रीक नाटके पुढे वाचू का? वास्तुकलेवर पोट भरायचे असेल तर नको, असा सल्ला नाइलाजाने का होईना, मिळाला. सल्ला शहाणपणाचा होता. मात्र तो कायमचा मनावर घेतला गेला असता, तर ही कादंबरी झाली नसती.

पुढे काळ बदलला. १८९९ साली ऑक्सफर्डमध्ये कामगारांसाठी रस्किन हॉल निघाला. त्याला जूडचेच नाव द्यायला हवे होते असे काहींनी म्हटल्याचे हार्डीने १९१२ च्या टिपणात नमूद केले आहे. १९२० साली ऑक्सफर्डने ग्रीकची सक्ती उठवली, आणि त्याच वर्षी हार्डीला सन्माननीय पदवी दिली. आज तिथे शाळेत ग्रीक-लॅटिनचे अक्षरही न शिकलेला विद्यार्थी अभिजात साहित्याला प्रवेश घेऊन मुळाक्षरांपासून आरंभ करू शकतो. जूडला हवे होते ते हेच. दार उघडण्याची नव्हे, तर चुकलेले सुधारणारे कोणीतरी जवळ असण्याची त्याला गरज होती. एका प्रसंगी तो दारूच्या गुत्त्यात लॅटिनमधून धर्मश्रद्धेचा पाठ म्हणून दाखवतो. अक्षरही न कळलेला एक कॉलेजकुमार ‘वाहवा’ म्हणतो. बरोबर की चूक, हे सांगणारे तिथे कोणी नाही. आणि फिलॉट्सन? जूड त्यांना शोधीत जातो तेव्हा ते ओळखतही नाहीत. इतके विद्यार्थी हाताखालून गेले, कोण कोण लक्षात राहणार!

हे वाचताना मी पुस्तक मिटले. आदल्या जूनमध्ये गिरणीवाल्याचा मुलगा मला विचारायला आला होता, “गुरुजी, आठवीला संस्कृत घेऊ का?” मी म्हणालो होतो, “अरे, घरी कोण शिकवणार तुला? हिंदी घे, सोपं जाईल.” तो “बरं” म्हणून गेला. टेट्यूफेने यांनी पत्र तरी लिहिले होते. मी तोंडानेच काम भागवले.

मी गिरणीवर गेलो. त्याने हिंदी घेतली होती, ती आता बदलता येत नव्हती. माझे जुने संस्कृतचे पुस्तक मी त्याला दिले. आता रविवारी सकाळी आम्ही दोघे बसतो. माझे संस्कृत मॅट्रिकपुरते. बऱ्याचदा दोघांनाही पुस्तकात पाहावे लागते. परवा त्याने विचारले, “गुरुजी, दोघांसाठी वेगळं वचन कशाला? अनेकवचनात भागलं नसतं का?”

उत्तर मला आले नाही. ग्रीकमध्येही ते आहे, एवढे मात्र मी त्याला सांगितले.