नोंद, लाभ आणि सहभाग : शालेय माहितीपत्रकाचे एक वाचन

मुस्लिम समाजाच्या शिक्षणाविषयी बोलताना आकड्यांचा आधार घेण्याची सवय आपल्याला मुख्यतः सच्चर समितीने लावली. या समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आला. शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत शिकणारी मुले जेमतेम तीन-चार टक्के आहेत हे त्यातून दिसले आणि एका ऐकीव समजुतीला प्रथमच मोजून उत्तर मिळाले. राष्ट्रीय पातळीवर एक माहितीकोश असावा अशी शिफारसही त्याच अहवालात आहे. तेव्हा शाळेतली नोंद ही आपल्यासाठी निव्वळ दफ्तरी बाब नाही. ज्या पत्रकातून हे आकडे वर जातात ते पत्रकही एखाद्या संहितेसारखे वाचले पाहिजे, आणि असे वाचन भाषेच्या अध्यापकांनी करायला हरकत नसावी.

हे पत्रक म्हणजे ‘यू-डायस’. नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या निमित्ताने ‘डायस’ सुरू झाले. २०१२-१३ पासून पहिली ते बारावीची माहिती एकत्र घेतली जाऊ लागली, २०१८-१९ मध्ये ‘यू-डायस प्लस’ आले. खरा बदल २०२२-२३ चा. तोवर शाळा एकूण संख्या कळवीत असे. आता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद करावी लागते. त्याचा धर्मगट, सामाजिक प्रवर्ग, मातृभाषा, अपंगत्व, आर्थिक स्थिती आणि मिळालेल्या सुविधा अशा सर्व बाबी त्याच्या नावापुढे येतात. देशातील एकूण पटसंख्या २०२३-२४ मध्ये सुमारे २४.८ कोटींवर आली, तेव्हा मोजण्याची पद्धतच बदलल्याने आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करता येणार नाही, असे मंत्रालयानेच स्पष्ट केले. वर्तमानपत्री चर्चेत मात्र ही सूचना बहुधा गळून गेली.

आता पत्रकाच्या भाषेकडे वळू. पुस्तके देण्यात आली का, गणवेश देण्यात आला का, विशेष प्रशिक्षण देण्यात आले का, अशा धाटणीचे हे प्रश्न आहेत. सगळा कर्मणी प्रयोग. देणारे खाते, घेणारे मूल. मुलाने स्वतः काही केले असे सांगणारे क्रियापद शोधूनही सापडत नाही. पटावर नाव असणे, योजनेचा लाभ मिळणे आणि उपक्रमात भाग घेणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन रकान्यांत बसतात. तिसरी बसत नाही, पण पहिल्या दोन भरल्या की तिसरी झालीच असे वरच्या कचेरीत धरले जाते. ‘अहवाल’ हा अरबी ‘हाल’ या शब्दाच्या अनेकवचनातून आलेला शब्द आहे, हे इथे सहज आठवते. अहवालात हाल यायला हवेत. आपल्याकडे त्यात बेरजा येतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मधील विशेष प्रशिक्षणाचे उदाहरण घ्या. कधीच शाळेत न आलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करायचे आणि इतरांच्या बरोबरीने यावे म्हणून त्याला प्रशिक्षण द्यायचे, अशी ही तरतूद. २०१० च्या केंद्रीय नियमांनुसार या प्रशिक्षणाची मुदत किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे. येथे पत्रकाला श्रेय दिले पाहिजे. किती मुले नोंदली, किती जणांना प्रशिक्षण दिले आणि किती जणांनी ते पूर्ण केले, असे वेगवेगळे विचारण्याची पद्धत त्यात आली. इतर योजनांच्या नोंदीत एवढाही विवेक दिसत नाही. परंतु त्याच नियमांत पुढे असेही आहे की प्रशिक्षण संपल्यावर नियमित वर्गात गेलेल्या मुलाकडे शिक्षकाने विशेष लक्ष देत राहावे. हे ‘लक्ष’ कोणत्या आकड्यात सांगायचे? हॉटेलात किंवा गॅरेजात काम करून परत आलेला बारा वर्षांचा मुलगा सहावीत बसतो, तेव्हा त्याच्यापुढे अडचण फक्त वाचनाची नसते. लहान मुलांत बसायची लाजही असते. ‘पूर्ण केले’ असे लिहून झाल्यावर तो पुन्हा केव्हा यायचा थांबला, हे त्याच्या वर्गशिक्षकालाच ठाऊक असते.

नोंद आणि वास्तव यांतील अंतर किती वाढू शकते हे २०२३ मध्ये उघड झाले. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद आढळल्याचे केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने जाहीर केले, सुमारे १४४ कोटी रुपयांचे नुकसान सांगितले आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिले. ज्या मुलांच्या नावाने पैसे गेले त्यांच्या नोंदी कागदोपत्री बिनचूकच असणार, नाही तर पैसे निघालेच नसते. दुसरीकडे, खऱ्याखुऱ्या मुलाचा अर्ज नावातल्या एका अक्षरासाठी परत येतो. त्याआधीच, २०२२-२३ पासून, मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद होऊन नववी-दहावीपुरती उरली होती. या योजनेसाठी शाळा आणि पालक वर्षातून एकदा समोरासमोर बसून मुलाची कागदपत्रे तपासत. तो प्रसंगही खालच्या वर्गांपुरता संपला.

नावाचा प्रश्न आपल्या भागात विशेष बिकट आहे. बेळगाव-निपाणीकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि मग मुल्ला, मुजावर, नदाफ, बागवान असे आडनाव लिहिण्याची मराठी-कानडी रीत आहे. हैदराबादकडे शेख, सय्यद, मोहम्मद आधी येते आणि आडनाव असतेच असे नाही. मुलीच्या नावातले ‘बी’ किंवा ‘बेगम’ एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. शाळेचे रजिस्टर मराठीत किंवा उर्दूत, आधारपत्र इंग्रजी आणि कन्नडमध्ये. लिपी बदलली की हिज्जे बदलतात. ‘अपार’ क्रमांकासाठी या दोन नावांचा मेळ लागतो. तो लागला नाही की दोष मुलाच्या घराकडे जातो, वास्तविक दोष त्याचे नाव लिहून घेणाऱ्या कारकुनांच्या चार पिढ्यांचा असतो. त्यात सीमेलगतच्या शाळांना कर्नाटकाची ‘सॅट्स’ प्रणाली आणि पलीकडे महाराष्ट्राची ‘सरल’. उसाच्या हंगामात कुटुंब सीमा ओलांडते आणि मूल एका प्रणालीतून गळून दुसरीत पोहोचेपर्यंत मधल्या महिन्यांत कुठेच नसते.

मातृभाषेच्या रकान्याबद्दलही थोडे. घरी दखनी, शाळेत मराठी, मशिदीत उर्दू आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या मुलासमोर एकच चौकट असते. पालक बहुधा ‘उर्दू’ सांगतात आणि तो त्यांचा हक्कच आहे. परंतु राज्यघटनेच्या कलम ३५०-अ नुसार मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची मागणी करायची झाल्यास याच चौकटीतील आकड्यांचा दाखला दिला जाईल. एवढे ओझे त्या एका शब्दावर आहे, याची कल्पना तो विचारणाऱ्यालाही नसते.

महाविद्यालयांनी हे सर्व शाळांचे दुखणे समजू नये. ‘आयशे’ या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या २०१९-२० मध्ये २१ लाख होती, २०२०-२१ मध्ये ती १९.२१ लाखांवर आली आणि २०२१-२२ मध्ये पुन्हा २१.१ लाख झाली. मधले वर्ष टाळेबंदीचे होते; माहिती प्रथमच संपूर्णपणे नव्या ऑनलाइन पत्रकातून घेतली गेली तेही हेच वर्ष. पावणेदोन लाखांवर विद्यार्थी खरोखर बाहेर पडले होते, की ‘मुस्लिम अल्पसंख्याक’ हा रकाना काही ठिकाणी रिकामा राहिला? घट दिसली त्या वर्षी लेख पुष्कळ आले, भरपाई दिसली त्या वर्षी फारसे कोणी लिहिले नाही. प्रत्येक महाविद्यालयाने त्या तीन वर्षांची आपली प्रवेशपत्रके काढून पाठवलेल्या पत्रकाशी ताडून पाहिली तर निदान आपल्यापुरते उत्तर मिळेल. हे काम एका दुपारचे आहे.

जुन्या जनरल रजिस्टरात शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना असे. ‘वडील वारले, आजोळी गेला’, ‘टंकलेखन शिकतो’, ‘पुन्हा हजर’ असे तीन-चार शब्द गुरुजी त्यात लिहीत. संगणकाला त्याची बेरीज करता येत नाही, म्हणून नव्या पत्रकात त्याला जागा नाही. शासन तो परत आणील असे दिसत नाही. आपल्या संस्थांच्या शाळांनी मात्र विशेष प्रशिक्षण आणि शिष्यवृत्ती यांतील मुलांपुरती एक वेगळी शेरेवही ठेवावी, उर्दू किंवा मराठी, जी शिक्षकाला सोयीची असेल त्या भाषेत. दर तीन महिन्यांनी मुलामागे एक ओळ पुरे. बी.एड.च्या प्रशिक्षणार्थींकडे शाळानुभवाच्या काळात हे काम सहज देता येईल, आणि पाच वर्षांनी अशा वीस वह्या एकत्र आल्या तर या नियतकालिकाला त्यांवर एक अंक काढता येईल.