मोकाशींचा संसारी माणूस

मराठी साहित्यात बंडखोर आहेत, प्रेमिक आहेत, संत आहेत आणि विदूषकही आहेत. पण ज्याच्या खिशातल्या पैशांवर दिवाळी अंक निघतात, त्या माणसाला नायकाचे आसन क्वचितच मिळाले आहे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्यावर घराचे कर्ज, थोरल्या मुलाचे दहावीचे वर्ष, आईचे औषधपाणी, आणि या सगळ्यातून उरलेल्या तासाभरात पेटीवर बोटे फिरवणे किंवा अंगणातली जास्वंद छाटणे, असा हा माणूस. देवघरासमोर तो रोज हात जोडतो. पण देव आहे का, असे कोणी सरळ विचारले तर उत्तर देताना अडखळतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाचक म्हणून हा माणूस आपल्या सोबतीला आहे. त्याच्या वाट्याला आपल्या लेखकांनी काय ठेवले, हा प्रश्न सणाच्या दिवसांत विचारायला हरकत नसावी.

एक गोष्ट त्याला भरभरून मिळाली, ती म्हणजे विनोद. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव हे या वर्गाचे मूळपुरुष. काऊ, मोरू, मैना आणि राघू यांचा प्रपंच, पाठीशी गुंड्याभाऊसारखा धिप्पाड भाऊ, आणि स्वतः मात्र भित्रे, भिडस्त, हाती घेतलेले काम हमखास फसवणारे. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली आले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनने दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने ही जोडी पुन्हा घराघरांत नेली. त्यानंतरचा मोठा संसारी पुरुष म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी. चाळीत राहणारा, कारकुनी करणारा, बदलत्या मुंबईबरोबर धापा टाकत धावणारा. त्याला देवाकडे नेणारी वाटसुद्धा बड्या लोकांच्या गर्दीतून, गुरुदेवांच्या सत्संगातून जाते, आणि तिथे आपण पोट धरून हसतो.

या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट, मराठी घरांना एकत्र बसून हसायला शिकवले ते याच दोन पुस्तकांनी, असे म्हटले तरी चालेल. पण थोडे थांबून पाहिले की लक्षात येते, या विनोदात संसारी माणसाची श्रद्धा आणि त्याचा छंद या दोन्ही गोष्टी फुग्यासारख्या वापरलेल्या असतात. त्या फुगवायच्या, आणि वाचकाच्या डोळ्यांदेखत टाचणी लावायची. छंद म्हटला की तो फजितीसाठी, बुवा म्हटला की तो भोंदू. टाचणी लावण्याजोगे फुगे समाजात पुष्कळ असतात, हे खरेच. तरी प्रश्न उरतो. दिवसभर राबून संध्याकाळी भजनाला जाणाऱ्या माणसाच्या मनात खरोखर काय चालते? तिथे नुसती फजितीच असते काय?

या प्रश्नाकडे न हसता आणि हात न जोडता पाहणारा एक लेखक आपल्याकडे होऊन गेला. दि. बा. मोकाशी. जन्म १९१५, मृत्यू १९८१. पुण्यात रेडिओ-दुरुस्तीचा व्यवसाय करून त्यांनी प्रपंच चालवला आणि त्याच हातांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. हा तपशील मला चरित्रातल्या शोभेच्या माहितीसारखा वाटत नाही. बिघडलेल्या रेडिओसमोर बसणारा माणूस त्याला शिव्या देत नाही आणि त्याची पूजाही करीत नाही. तो मागची पाठ उघडतो, एकेक जोड तपासतो आणि आवाज कुठे अडला ते शोधतो. मोकाशींनी माणसाच्या श्रद्धेकडे नेमके याच रीतीने पाहिले.

त्यांचे 'पालखी' हे पुस्तक १९६४ साली आले. योगायोग असा, की 'असा मी असामी'चेही साल तेच. एका संसारी माणसाने गुरुदेवांच्या सत्संगातून हसे घेऊन यावे आणि दुसऱ्याने आळंदी ते पंढरपूर चालत जावे, असे ते वर्ष. 'पालखी'चे लेखन सुरू होते तेव्हा मोकाशी पन्नाशीकडे झुकलेले होते. घर, दुकान, जबाबदाऱ्या सारे मागे होते. ते निघाले ते वारकरी म्हणून नव्हे. माळ घालून, सारे शंकाकुशंका घरी ठेवून निघालेला हा भाविक नाही, आणि गंमत पाहायला आलेला पाहुणाही नाही. ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. एवढ्या वाटेत हा माणूस चालतो, दमतो, पाहतो, शेजारच्याला विचारतो आणि टिपून ठेवतो. पुस्तकाची भाषा साधी आहे. विशेषणे मोजकी, गहिवर तर त्याहून मोजका.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला या पुस्तकाचा आणखी एक जिव्हाळा आहे. नीरा नदी ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हे मुक्काम आपले. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण आपले. या सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबाही साताऱ्याजवळच्या आरफळचे. माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि मिरज-सांगलीच्या वाटेने आळंदीला जातात. त्यामुळे कुपवाडच्या माणसाला पालखी ही केवळ पुण्याकडची गोष्ट वाटत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा गृहस्थ जून उजाडला की रजेचा हिशेब मांडू लागतो. इतकी रजा भाचीच्या लग्नाला गेली, इतकी आईच्या दुखण्याला. आता वारीला किती उरली? पंधरा दिवस जमत नाहीत, मग तो शेवटचे दोन दिवस चालतो. त्याच्या भक्तीचे माप कोणत्याही ग्रंथात नसते, ते हजेरीपटावर असते. मोकाशींचे पुस्तक वाचताना मला हा हजेरीपट सतत दिसत राहतो.

आणि इथेच 'पालखी'ने मला जे दाखवले ते सांगायला हवे. वारी ही संन्याशाची यात्रा नाही. वारीत जाणे आहे तसे परतणेही आहे. पेरणी उरकून निघालेला शेतकरी पंढरपूर पाहून पुन्हा शेतावर येतो. दुकानाला कुलूप लावून गेलेला दुकानदार कुलूप उघडायला परत येतो. प्रपंच सोडायचा नाही आणि प्रपंचात बुडूनही जायचे नाही, यासाठी आपल्या लोकांनी शोधून काढलेली ही एक विलक्षण सोय आहे. पैठणच्या एकनाथांनी गृहस्थाश्रमात राहून जे साधले, त्याचे हे पायी चालणारे रूप म्हणता येईल. मोकाशींची शंका शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर चालते. पंढरपुरात पोहोचल्यावर त्यांचा कायापालट झाला, असा शेवट त्यांनी आपल्याला दिला नाही, हे त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. तसा शेवट केला असता तर पुस्तक गोड झाले असते आणि खोटेही. १९८७ साली फिलिप एंगब्लॉम यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. दूरच्या वाचकांना त्यात वारी दिसली. आपण त्यात एक शेजारी पाहावा.

छंद म्हणजे तरी काय? मोकाशींचा छंद होता चालणे आणि पाहणे. पुढे ते महाराष्ट्रातल्या खेड्यांतून हिंडले आणि १९७१ साली 'अठरा लक्ष पावलं' लिहिले. अखेरच्या वर्षांत 'संध्याकाळचे पुणे' लिहिले. संध्याकाळ हीच तर संसारी माणसाची स्वतःची वेळ. दिवस कचेरीचा किंवा कारखान्याचा, रात्र घराची. मधला तासभर तेवढा त्याचा. विनोदी लेखकाला त्या तासात फजिती दिसते. मोकाशींना त्या तासात माणूस दिसला, आणि छंद व श्रद्धा यांच्यामध्ये आपण समजतो तेवढी उंच भिंत नसते हेही दिसले. दोन्ही गोष्टी पोटासाठी नसतात. दोन्हींसाठी वेळ चोरावा लागतो, आणि चोरलेल्या वेळेचा जाब घरी द्यावा लागतो.

हा जाब म्हणजे मोकाशींच्या 'आनंदओवरी' या कादंबरीचा प्राण आहे. १९७४ सालचे हे पुस्तक तुकारामांवरचे आहे असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण त्यात बोलतो तो कान्होबा, तुकारामांचा धाकटा भाऊ. तुकाराम कुठे दिसेनासे झाले आहेत आणि कान्होबा त्यांना शोधतो आहे. शोधता शोधता त्याला सारे घर आठवते. थोरला सावजी बायकोच्या मृत्यूनंतर घर सोडून गेलेला. दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी आणि मूल गेलेले. आणि मग या भावाचे अभंग, त्याचे डोंगरावर जाणे, त्याचे घरात असून घरात नसणे. परंपरा सांगते की सावकारीची कागदपत्रे वाटून घेतल्यावर तुकारामांनी आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. कान्होबाचा वाटा त्याच्याकडे राहिला. आपण तीनशे-साडेतीनशे वर्षे बुडालेल्या कागदांचे कौतुक करीत आलो. राहिलेल्या कागदांचे काय झाले, ती वसुली कोणी केली, त्या घरात चूल कोणी पेटती ठेवली, हे विचारायला मोकाशी यावे लागले.

कान्होबाला भावाचा राग येतो, भावाचा अभिमान वाटतो, आणि भावावाचून त्याला करमत नाही. तो संत नाही, पण संताला क्षुद्र म्हणणाऱ्यांतलाही नाही. ज्या घरातून एक माणूस परमार्थाला लागतो, त्या घरात मागे एक कान्होबा राहतोच. 'पालखी'तला माणूस घरून निघतो आणि परततो. 'आनंदओवरी'तला माणूस परत न येणाऱ्याची वाट पाहतो. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे मी सुचवीन. एका विषयाची ती दोन पाने आहेत. आणि तुकारामांच्याच धाकट्या मुलाने, नारायण महाराजांनी, परंपरेप्रमाणे १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली हे ध्यानात घेतले, म्हणजे घर आणि वारी यांचा हा धागा किती घट्ट आहे ते कळते.

तिसरे पान म्हणजे 'आता आमोद सुनांस आले' ही कथा. सुमित्रा भावे यांनी तिच्यावर 'दिठी' हा चित्रपट केला. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या, आणि त्याच वर्षी तो घरोघरच्या पडद्यांवर आला. चित्रपटातला रामजी लोहार तीस वर्षे वारी करतो आहे. त्याचा तरुण मुलगा पुरात वाहून जातो, आणि तीस वर्षांचा विठ्ठल एका दिवसात परका होतो. शेजारी पोथी ऐकवतात, समजूत घालतात, पण समजूत आत उतरत नाही. शेवटी त्याला हाक येते ती देवाची नव्हे, अडलेल्या गाईची. तो जातो, हात लावतो, गाय मोकळी होते, आणि त्याच्या आतही काही मोकळे होते. मोकाशींनी इथे संसारी माणसाच्या श्रद्धेचे घर नेमके दाखवले आहे. ती पोथीत अडकली तर तिला त्याच्या हातांतून वाट मिळते. रामजी झालेले किशोर कदम यांनीच अतुल पेठे यांच्या रंगमंचीय 'आनंदओवरी'त कान्होबा उभा केला होता, आणि एके काळचे चिमणराव, दिलीप प्रभावळकर, 'दिठी'तही आहेत. मराठी संसारी पुरुषाचा सारा प्रवास जणू या दोन नटांच्या चेहऱ्यांवर उमटला आहे.

गुणांबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. मोकाशींच्या या दुनियेत बाई बहुधा पुरुषाच्या नजरेतून दिसते. जिजाईची कुचंबणा आपल्याला कळते ती कान्होबा सांगतो म्हणून. ती स्वतः बोलली असती तर आणखी काय म्हणाली असती, हा विचार पुस्तक मिटल्यावर मनात राहतो. पंधरा दिवस वारीला गेलेल्या माणसाचे घर त्या पंधरा दिवसांत कोण चालवते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिच्या छंदाला आणि तिच्या वारीला कोणाची रजा लागते? वारीच्या वाटेवर डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या हजारो बायकांनी ते उत्तर केव्हाच दिले आहे. आपल्या साहित्याने ते पुरते ऐकलेले नाही. मोकाशींनी कान्होबाला बोलते केले. जिजाईला बोलते करण्याचे काम पुढच्यांवर आहे.

तरीही मोकाशींचे ऋण मोठे आहे. आपल्यातला चाळिशीचा माणूस पुष्कळदा स्वतःकडे चिमणरावांच्याच डोळ्यांनी पाहतो. पेटी वाजवताना कोणी आले तर झाकण मिटतो, भजनाला जाताना 'सहज चाललो होतो' असे म्हणतो, आणि मनातली शंका कोणाला सांगत नाही. आस्तिक हसतील की नास्तिक, याची त्याला सारखीच धास्ती. त्याला असे सांगणारे कोणी हवे असते, की शंका असलेल्या माणसालाही चालता येते. भावाचा राग येणाऱ्यालाही भाऊ आठवून रडता येते. आणि देव हरवलेल्या माणसाच्या हातालाही काम उरते. मोकाशींनी उपदेश न करता हे सांगितले आहे.

फराळाचे डबे रिकामे झाले आणि पाहुणे गेले, की प्रत्येक घरात एक निवांत दुपार येते. या वर्षी त्या दुपारी कपाटातून 'पालखी' काढावी. घरच्या कर्त्या पुरुषाने ती वाचावी, आणि वाचून झाल्यावर घरातल्या बाईच्या हाती द्यावी. मग दोघांनी मिळून पुढच्या आषाढातल्या रजेचा हिशेब मांडावा. या वेळी तो हिशेब दोघांचा असावा.