ओऱ्हान पामुक यांचे वडील : माया आणि गैरहजेरी

मराठी साहित्यात बाप दोनच प्रकारचा फार आढळतो. एक कष्टाने झिजलेला, दुसरा दारूने किंवा हुकमाने घर जाळणारा. पहिल्याला आपण वंदन करतो, दुसऱ्यावर खटला भरतो. पण प्रेमळ असूनही भरवशाचा नसलेला बाप लिहायला अवघड जातो, कारण त्याच्यावर धड रागावताही येत नाही आणि त्याची आरतीही करता येत नाही. तुर्की कादंबरीकार ओऱ्हान पामुक यांनी असा बाप पुन्हापुन्हा लिहिला आहे. तो त्यांचा स्वतःचा आहे.

हे वडील, गुंदुझ पामुक, तरुणपणी कवी होऊ पाहत होते. त्यांनी फ्रेंच कवी व्हालेरीचे तुर्कीत भाषांतर केले होते. पण गरीब देशात मोजक्या वाचकांसाठी कवितेवर जगण्याची त्यांची तयारी नव्हती. आजोबांनी कमावलेली संपत्ती या पिढीने एकामागून एक फसलेल्या धंद्यांत घालवली. अधूनमधून ते घर सोडून निघून जात आणि पॅरिसच्या हॉटेलात बसून वह्या भरत. परत आले की रस्त्यात सार्त्र दिसल्याचे मुलांना सांगत. ‘इस्तंबूल’ (२००३) या आठवणींच्या पुस्तकात आईवडिलांची भांडणे आहेत, दुसऱ्या स्त्रीचे प्रकरण आहे, वडिलांचे नाहीसे होणे आहे. तरीही वडिलांचे नाव निघाले की पामुक यांची भाषा हळुवार होते.

७ डिसेंबर २००६ रोजी स्टॉकहोममध्ये पामुक यांनी नोबेल व्याख्यान दिले. विषय होता वडिलांची सुटकेस. मृत्यूच्या दोन वर्षे आधी वडिलांनी वह्यांनी भरलेली ती लहानशी काळी बॅग मुलाच्या खोलीत आणून ठेवली आणि आपल्यामागे वाचायला सांगितले. मुलगा कित्येक दिवस तिला हात लावत नाही. वडिलांचे लेखन वाईट निघेल ही भीती असतेच, पण ते चांगले निघाले तर काय, ही भीती त्याहून मोठी आहे. मग हसतमुख, मित्रांत रमणाऱ्या या माणसाच्या आत आपल्याला न कळलेला दुसराच कोणी राहत होता, असे मान्य करावे लागेल. भरवशाचा नसलेला बाप मुलाला हेच देऊन जातो : आपण त्याला ओळखत होतो की नाही, ही शंका.

याच व्याख्यानात दुसरी बाजूही आहे. मुलाने आर्किटेक्चरचे शिक्षण सोडून स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि पहिली कादंबरी लिहिली. थरथरत्या हातांनी दिलेले हस्तलिखित वाचून वडिलांनी त्याला मिठी मारली, आणि एक दिवस तुला हे पारितोषिक मिळेल, असे म्हणाले. जो माणूस स्वतःच्या वहीवर विश्वास ठेवू शकला नाही, त्याने मुलाच्या वहीवर ठेवला. घराला जे देता आले नाही ते त्याने लेखकाला दिले.

इथे मात्र समीक्षकाने एक प्रश्न विचारायला हवा. या मायेची किंमत कोणी मोजली? ‘इस्तंबूल’च्या शेवटच्या प्रकरणात आई एकटी पत्ते लावत नवऱ्याची वाट पाहत बसली आहे. ती मुलाला सांगते, कलेच्या मागे लागू नकोस, शिक्षण पुरे कर. म्हणजे जी घरात थांबली ती अडवणारी ठरली, आणि जो निघून गेला तो प्रोत्साहन देणारा. रोजचे ‘नाही’ म्हणायचे काम आईच्या वाट्याला आले, म्हणून वडिलांना कधीतरी येऊन ‘हो’ म्हणणे परवडले. पामुक हे दृश्य प्रामाणिकपणे रंगवतात, पण त्यातून निघणारा निष्कर्ष काढत नाहीत. आपल्या घरांतही हा हिशोब अनोळखी नाही. आखातातून किंवा मुंबईहून खाऊ घेऊन येणारा बाप मुलांना गोड वाटतो, फीचे तगादे सोसणारी आई तिखट.

‘लाल केसांची स्त्री’ (२०१६) या कादंबरीत पामुक हा प्रश्न अधिक निष्ठुरपणे हाताळतात. वडील निघून गेलेला मुलगा विहीर खणणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली राबतो आणि त्याच्यात बाप शोधतो. पुढे त्याला ईडिपस आणि ‘शाहनामा’तले रुस्तुम-सोहराब झपाटून टाकतात. एका कथेत मुलगा न ओळखता बापाला मारतो, दुसरीत बाप न ओळखता मुलाला. रुस्तुमने खूण म्हणून बाजूबंद ठेवला होता, पण तो दिसला तेव्हा वार झालेला होता. खूण ठेवणे म्हणजे हजर असणे नव्हे, हे फिरदौसीने हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. त्याच्या उलट टोकाला आपल्या मनात हजरत याकूब (अ.) उभे राहतात, हरवलेल्या यूसुफसाठी रडून डोळे गमावणारे. पामुक यांच्या बापात याकूब यांची माया आहे, पण वाट पाहण्याची ताकद नाही.

वडील डिसेंबर २००२ मध्ये गेले. त्या वह्यांत नेमके काय होते, ते पामुक व्याख्यानात जवळजवळ सांगतच नाहीत. सारे काही उघडे करणारा हा लेखक तेवढीच जागा झाकून ठेवतो. मला ही चतुराई वाटत नाही. ज्या बापाने आयुष्यभर मुलाला कशासाठी रागावले नाही, त्याची मुलाने राखलेली ती अदब आहे. पामुक वडिलांना निर्दोष ठरवत नाहीत, त्यांना दोषी धरूनही आपले म्हणतात. आईला मात्र तेवढा न्याय अजून मिळायचा आहे.