देवभात आणि पन्नास किलोमीटरचं वर्तुळ

पिकांच्या रानटी भाऊबंदांवरचा अलीकडचा कुठलाही पेपर उघडा, पहिल्या पानावर एक संदर्भ हमखास भेटतो: २०१६ साली 'नेचर प्लांट्स'मध्ये आलेला नोरा कास्टानेडा-अल्वारेझ आणि सहकाऱ्यांचा लेख. ८१ पिकं, त्यांचे १,०७६ रानटी नातेवाईक. त्यातल्या ३१३ जणांचा जनुकपेढ्यांत एकही नमुना सापडला नाही, आणखी २५७ जणांचे दहापेक्षा कमी. मीही हा लेख येताजाता उद्धृत करते. म्हणूनच तो जरा खरवडून बघूया.

हे नातेवाईक कशाला हवेत, ते आधी थोडक्यात. भेंडीवरचा केवडा तुम्हाला माहीत असेल, शिरा पिवळ्या पडतात आणि पीक हातचं जातं. १९८५ साली आलेल्या 'परभणी क्रांती'ला या रोगाशी लढायची ताकद रानभेंडीशी केलेल्या संकरातून मिळाली. तर असे नातेवाईक शोधून त्यांचं बी साठवायचं. पण आधी कोणाचं?

लेखाची पद्धत अशी. हर्बेरियममधल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या नोंदी आणि जनुकपेढ्यांच्या नोंदी एकत्र करायच्या. ठिकाणांवरून आणि हवामानावरून त्या वनस्पतीचा संभाव्य नकाशा काढायचा. जिथून बी गोळा झालंय त्या प्रत्येक बिंदूभोवती ५० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. वर्तुळातला भाग 'झाला', बाहेरचा 'राहिला'. यात परिसंस्थांचा आणि नमुन्यांच्या संख्येचा हिशोब मिसळून प्रत्येकाला प्राधान्याचा गुणांक द्यायचा.

आता हे वर्तुळ खंडाळ्यावर ठेवून बघा. एका बाजूला पनवेल, दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवड. मधे कोकण, घाटमाथा आणि मावळ, तिन्ही एकाच पोटात! पाऊस वेगळा, माती वेगळी, फुलोऱ्याचे दिवस वेगळे. जगाच्या नकाशावर हे वर्तुळ टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, हे मान्य. पण घाटात राहणाऱ्या माणसाला ते एक ठिकाण आहे असं सांगून बघा.

बरं, बिंदू तरी कुठे पडतात? जिथे संग्राहक पोचले तिथे. फादर सांतापाऊंनी खंडाळा पिंजून काढला, १९५३ साली तिथल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, म्हणून खंडाळ्याच्या नोंदी भरपूर. मुगा-उडदाच्या गोतातल्या एका रानटी वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच खंडाळा आहे, 'विग्ना खंडालेन्सिस'. ती काही फक्त खंडाळ्यात उगवत नाही. खंडाळ्याला रेल्वे मात्र होती. मॉडेलमध्ये हा कल दुरुस्त करायच्या युक्त्या असतात, पण जिथे कोणी गेलंच नाही तिथली नोंद कुठली युक्ती आणणार?

माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. या यादीचं एकक आहे प्रजाती. भाताची गोष्ट घ्या. तपकिरी तुडतुड्यांमधून पसरणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूवर उपाय शोधताना फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. पक्का प्रतिकार एकाच नमुन्यात मिळाला: 'ओरायझा निवारा', १९६३ साली उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. आणि त्या एका पाकिटातलीसुद्धा सगळी रोपं प्रतिकारक नव्हती, थोडीच होती. त्यातून पुढे 'आयआर ३६'सारखे वाण निघाले. म्हणजे 'निवारा पेढीत आहे' ही खूण तेव्हाही खरी ठरली असती आणि ते पाकीट नसतं तरीही खरीच ठरली असती. कामाची गोष्ट प्रजातीत नव्हती, एका तळ्याकाठच्या चार रोपांत असावी तशी होती. यादीत त्या चार रोपांना रकाना नाही.

हाच निवार आपल्याकडचा देवभात. न पेरता पाणथळीत उगवतो, दाणा पिकला की लगेच गळतो, ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं धान्य म्हणून काही घरांत अजून शोधला जातो. उत्तर प्रदेशात तिन्नी म्हणतात, उपासाला खातात. नाव माणसांच्या तोंडी आहे, जागाही त्यांना पाठ असते. हर्बेरियमच्या कागदावर ही माहिती क्वचितच उतरते. दरम्यान तळं खोल केलं जातं, किंवा शेजारच्या भातखाचरातला पराग येऊन देवभाताची पिढी हळूहळू मिसळत जाते. १९६० च्या नोंदीवर काढलेल्या नकाशाला यातलं काहीच दिसत नाही, तिथला ठिपका तसाच हिरवा.

लेखकांवर अन्याय नको. त्यांनी जगाच्या पातळीचा प्रश्न विचारला आणि त्या पातळीवर उत्तर चोख दिलं. माझं भांडण आहे ते तोच गुणांक जिल्ह्याच्या प्रस्तावात चिकटवणाऱ्यांशी. 'या प्रजातीला प्राधान्य कमी' असं वाचून एखाद्या तळ्याचा विषय फाइलमध्येच संपतो, तेव्हा ५० किलोमीटरच्या गृहीतकाबद्दल कोणी विचारत नाही.

आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. कित्येक नोंदवह्या घाईत भरलेल्या आहेत, हे कोणीही उघडून पाहावं. तरी स्थानिक नाव, नेमकी जागा आणि वापर यांचे रकाने तिथे आहेत. त्यात 'शेवटचं कधी पाहिलं' एवढा एक रकाना वाढवून या नोंदी जागतिक नकाशाशेजारी मांडल्या, तर निदान भातापुरतं तरी हिरव्या ठिपक्यांतले किती अजून हिरवे आहेत ते तपासता येईल. पुढच्या पोस्टमध्ये हेच एका तालुक्यासाठी करून बघणार आहे. तुमच्या गावाजवळ देवभात उगवत असेल तर कळवा, फक्त नेमकी जागा सगळ्यांसमोर लिहू नका.