क्वायटो : एक आक्षेप आणि त्याचे परीक्षण

दक्षिण आफ्रिकेतील क्वायटो या संगीतप्रकारावर एक आक्षेप वारंवार घेतला गेला. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या लढ्यात गाण्यांनी शस्त्राचे काम केले. पुढच्या पिढीने मात्र दोन-चार शब्द घोळवीत नाचण्यातच धन्यता मानली, असा त्याचा आशय. भावगीताच्या संस्कारात वाढलेल्या, गाणे शब्दांनी तोलणाऱ्या आपल्या रसिकालाही हा आक्षेप सहज पटेल. म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९९०च्या दशकाच्या प्रारंभी सोवेटोसारख्या कृष्णवर्णीयांच्या वसाहतींत क्वायटो आकाराला आले. ‘हाउस’ या परदेशी नृत्यसंगीताची लय संथ करावयाची, तिला खर्जाचा भरदार ठेका द्यावयाचा आणि त्यावर झुलू, सोथो वा ‘त्सोत्सीताल’ या मिश्र बोलीतील ओळी पुकारावयाच्या, अशी त्याची घडण. रस्त्यावरची म्हणून हिणवल्या गेलेल्या बोलीला त्यामुळे ध्वनिमुद्रिकेवर मानाचे स्थान लाभले.

आर्थर माफोकाटे यांचे १९९५ मधील ‘काफिर’ हे गाणे पाहा. हा शब्द म्हणजे तेथे कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी. ती उच्चारू नको, असे या गाण्यात गोऱ्या मालकाला बजावले आहे. मागणी एकच, पण ती पुनःपुन्हा केलेली. शब्दांची काटकसर येथे आग्रहाचे रूप घेते. १९९८ मध्ये ‘बूम शाका’ या चमूने राष्ट्रगीत नाचाच्या ठेक्यावर बसविले, तेव्हा अनेकांना तो अवमान वाटला. मला त्यात राष्ट्राशी सलगी करू पाहणारी पिढी दिसते. मंडोझा (निधन २०१६) यांचे ‘न्कालाकाथा’ २००० मध्ये आले आणि गोऱ्या श्रोत्यांनीही ते उचलून धरले. भाषणांना जे सहजी साधत नाही, ते एका ठेक्याने काही अंशी साधले.

याचा अर्थ क्वायटो निर्दोष आहे असा नव्हे. पुष्कळ गाण्यांत स्त्री ही केवळ शोभेची वस्तू उरते. ‘बूम शाका’च्या लेबो माथोसा (निधन २००६) आणि ‘बोंगो माफिन’च्या थांडिस्वा माझवाई यांनी स्वतःच्या आवाजाचा अधिकार सिद्ध केला, म्हणून हा दोष झाकला जात नाही; उलट अधिक ठळक होतो.

तथापि मूळ आक्षेप टिकत नाही. ज्यांच्या हिंडण्याफिरण्यावरही पासाचा पहारा होता, त्यांच्या मुलांनी निर्धास्तपणे नाचणे हाही त्या लढ्याचाच एक हेतू होता. पुढे २०१०च्या दशकात आलेल्या ‘अमापियानो’तही क्वायटोचा वारसा ऐकू येतो. अशा संगीताचे मोल शब्द मोजून ठरविणे न्याय्य होणार नाही.