शिट्टी कोणाच्या हाती?

नागराज मंजुळेनं 'फँड्री'त चंक्या केला. २०१८ च्या 'नाळ'मध्ये बाप तोच आणि निर्माताही तोच. २०२२ ला 'झुंड' काढून त्यानं नागपूरच्या झोपडपट्टीतला फुटबॉल पडद्यावर आणला. विजय बारसेंनी २००१ ला उभं केलेलं हे काम.

हिंदी पडद्यावर बाबासाहेबांची जयंती वाजतगाजत निघाली, तेव्हा इथं हिंगणघाटात माझी छाती फुगली. पण दोस्तहो, खटकतं ते बोललंच पाहिजे. मधोमध उभा अमिताभच. पोट्टे खेळतात, वाट मात्र भिंतीपलीकडचा मास्तर दाखवतो. तरी अंकुश गेडामसारखे नवखे पोट्टे आपल्याच बोलीत ताठ बोलले, ही कमाई लहान नाही.

आता पुढच्या सिनेमात शिट्टीही वस्तीच्याच हाती पाहिजे.