मेजावरील रणांगण आणि भोसल्यांची फौज : युद्धक्रीडेच्या नियमांची चिकित्सा

अठराव्या शतकातील युरोपीय लढाया मेजावर पुतळ्या मांडून खेळण्याच्या पद्धतीस इंग्लंडात पीटर यंग व जेम्स लॉफर्ड यांच्या ‘चार्ज!’ (१९६७) आणि चार्ल्स ग्रँट यांच्या ‘द वॉर गेम’ (१९७१) या ग्रंथांनी निश्चित रूप दिले. असे नियम केवळ करमणुकीची साधने नव्हेत. कोणत्या गोष्टीस किती गुण द्यावयाचे हे ठरविताना नियमकार इतिहासाविषयी एक सिद्धांतच मांडीत असतो. हे नियम मराठी फौजांस जसेच्या तसे लावल्यास काय होते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

फाँतन्वा (१७४५) किंवा लॉइथेन (१७५७) येथील फौजा रांगा धरून लढत. बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभर यार्डांच्या आसपास असल्याने कवायत व एकसमयावच्छेदी गोळीबार यांस निर्णायक महत्त्व होते. त्या रणांगणापुरते रांग, पल्ला व धैर्य मोजणारे नियम यथार्थ ठरतात.

परंतु १७६९ ची मोहीम घ्या. थोरले माधवराव पेशवे नागपुरावर चालून आले व त्यांनी चांद्यास वेढा घातला. जानोजी भोसल्यांनी मोठी लढाई टाळली आणि उलट पुण्याच्या रोखाने दौड मारली. पेशव्यांस वेढा उठवावा लागला व मार्चमध्ये कनकापूरचा तह झाला. मेजावर ही मोहीम मांडताच येत नाही, कारण मेजावर समोरासमोर आल्यावाचून खेळ सुरूच होत नाही. लढाई टाळणे हे तेथे भ्याडपण ठरते. मोहिमेत मात्र तेच शस्त्र होते.

अडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) मात्र रांगांची होती. तेथे भोसल्यांचे पायदळ व तोफखाना वेलस्लीसमोर उभा राहिला आणि पराभूत झाला. तथापि येथेही नियम अडखळतात. आसईस धीराने लढलेल्या कंपनीच्या पलटणी येथे तोफांचा मारा सुरू होताच मागे पळाल्या व वेलस्लीस त्या स्वतः सावराव्या लागल्या. सैन्यास ‘उत्तम’, ‘मध्यम’, ‘कनिष्ठ’ असा कायमचा दर्जा देणाऱ्या कोष्टकात ही घटना बसत नाही. अशा कोष्टकात मराठी फौजेस कनिष्ठ दर्जा मिळाला, की विजेत्याचे मत आकड्याच्या वेषात पुन्हा सिद्ध होते. निष्कर्ष गृहीतकातच दडलेला असल्याने अशा खेळातून नवे ज्ञान संभवत नाही.

भूमीचीही तीच गोष्ट. भंडारा, पवनी, तुमसर हा वैनगंगेचा मुलूख भोसल्यांच्या राज्यात होता. युरोपीय नियमांत टेकडी, रान, गाव यांचे गुण कायम असतात. धानाची बांधी मात्र आश्विनात चिखलाने घोड्यास अडविते आणि फाल्गुनात कोरडी पडून मोकळे रान होते. तळी व बोड्या यांची स्थितीही ऋतुमानाप्रमाणे पालटते. दसऱ्यानंतर मोहिमेस निघण्याचा प्रघात या भूमीच्या स्वभावातून आलेला आहे. ज्या नियमांत महिना नाही, त्यांत भंडारा नाही.

यावर उपाय आहे, आणि तो युरोपातच सापडतो. राइसविट्झ याने १८२४ साली प्रशियात प्रसिद्ध केलेल्या युद्धक्रीडेत नकाशा व पंच असे. खेळाडूस पंच सांगेल तेवढेच कळे. बातमी, अंतर व काळ यांस तेथे स्थान आहे. त्या नकाशावर वैरण, बंजाऱ्यांच्या तांड्यांनी आणलेले धान्य आणि शिपायांची थकलेली तलब यांचा हिशेब घातल्यास जानोजींची चाल खेळता येईल. दोन्ही फौजा खरोखरीच भिडल्या तरच मेज मांडावे. आणि पलटणीचा दर्जा आधी न ठरविता विश्रांती, पोट व पगार यांवरून त्या दिवसापुरता ठरवावा.

ग्रँट यांच्या नियमांत दोष नाही. ते ज्या रणांगणासाठी रचले त्याच्याशी प्रामाणिक आहेत. दोष आहे तो त्यांस सार्वत्रिक मानण्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने फासा टाकण्यापूर्वी कोष्टक कोणी व कशावरून रचले, हे विचारले पाहिजे.